थोरलीची किल्ली

माझा राग फार टिकतो. शाळेतल्या मुली म्हणतात, बाई गणेशोत्सवात चिडल्या तर दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत चिडलेल्या असतात. त्यात फारसं खोटं नाही. माझ्या एकुलत्या एका भावाशी मी दोन वर्षं बोलले नाही. त्या दोन वर्षांत माझ्या कपाटात एक किल्ली पडून होती. ती लावली असती तर तो अबोला पंधरा मिनिटांत संपला असता. मी लावली नाही. का लावली नाही ते सांगायचं तर बाबांपासून सुरुवात करावी लागेल.

बाबा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. कोडोलीत त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. रात्री-अपरात्री कुणाची गाय अडली की आमच्या दाराची कडी वाजायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात संगणक शिकून घेतला. धाकट्यानं, म्हणजे माझ्या भावानं, त्यांना एक लॅपटॉप आणून दिला आणि बाबांना नवीन छंद लागला. दुपारची झोप झाली की ते एका बोटानं टाइप करत बसायचे. ई-मेल उघडायचा, लिहायचं आणि कुणालाही न पाठवता ड्राफ्टमध्ये तसंच ठेवून द्यायचं. मी एकदा विचारलं, "कुणाला लिहिता एवढं?" तर म्हणाले, "कुणाला न्हाय. वहीत लिहिलं की वाळवी लागती, म्हणून हितं लिहितो."

एक दिवस त्यांना फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, पेन्शन कार्यालयातून बोलतोय, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आलेत तेवढे सांगा. बाबांनी सांगितले. दहा मिनिटांत त्यांचं ई-मेलचं खातं दुसऱ्याच्या हातात गेलं. पैशाचं नुकसान काही झालं नाही, पण आठ दिवस ते खातं उघडेना. त्या आठ दिवसांत बाबांनी धड जेवण केलं नाही. "जनावराचा दात बघून वय सांगणारा माणूस मी," ते मला फोनवर म्हणाले, "आणि मला माणसाचा आवाज वळखू आला न्हाय." त्यांना खात्यापेक्षा स्वतःची लाज जास्त वाटत होती.

खातं परत मिळालं ते एका बाईंमुळे. मंडळात ऑनलाइन फसवणुकीवर बोलायला त्या आल्या होत्या. भाषण संपल्यावर बाबांनी त्यांना गाठलं. त्यांनी खटपट करून खातं सोडवून दिलं आणि वर सल्ला दिला, की आता त्याला नुसता पासवर्ड ठेवू नका, मोबाइलवर येणारे आकडेही नकोत, किल्ली लावा. आकडे फोनवरून काढून घेता येतात, किल्ली कुणी फोनवरून काढून घेऊ शकत नाही. हे बाबांना एकदम पटलं. त्यांनी त्या बाईंकडूनच दोन किल्ल्या मागवून घेतल्या.

दिसायला ती किल्लीसारखी मुळीच नव्हती. अंगठ्याएवढी काळी चपटी वस्तू, एका टोकाला कडी अडकवायला भोक आणि मधोमध सोनेरी टिकली. कुणीही तिला पेन ड्राइव्ह म्हणेल. आधी पासवर्ड टाकायचा, मग ती लॅपटॉपच्या खाचेत घालायची, टिकली लुकलुकली की तिच्यावर बोट टेकवायचं, मग खातं उघडतं. बाबांचा पासवर्ड आम्हा दोघा भावंडांना ठाऊक होता. आमच्या पहिल्या म्हशीचं नाव आणि तिला घरी आणलं ते साल. त्या बाईंनी तो बदलायला सांगितला होता, पण बाबांनी ऐकलं नाही. म्हैस गुणाची होती म्हणाले.

त्याच वर्षी दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, मी कोडोलीला गेले होते. मी लग्न केलेलं नाही, नोकरीसाठी कोल्हापुरात राहते, त्यामुळे दिवाळी म्हणजे कोडोली हे ठरलेलं. मी धाकट्याला ओवाळलं. ताट खाली ठेवलं तसे बाबा उठून आत गेले आणि दोन्ही किल्ल्या घेऊन आले. एक माझ्या हातात ठेवली, एक त्याच्या. "ही थोरलीची, ही धाकट्याची," ते म्हणाले. "मी गेल्यावर दोघं मिळून बघा काय लिहून ठिवलंय ते. आत्ता न्हाय. आणि आक्का, चुकीचं कायतरी दाबत बसू नगंस, तीनदा चुकलं की कायमचं बंद पडतंय." ही तीनदाची भीती त्यांना त्या आठ दिवसांपासून बसली होती. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर खातं उघडंच ठेवलं होतं, ते बंद केलं तरच किल्ली लागणार होती.

दोघं मिळून बघा, असं ते म्हणाले, आणि मी तिथंच चुकले. त्या चुकीचं मूळ आमच्या गावातल्या देवीच्या पेटीत आहे. देवीच्या दागिन्यांची ती जुनी शिसवी पेटी. तिला दोन कुलपं. एकाची किल्ली आमच्या घरात, दुसऱ्याची वरच्या आळीतल्या एका घरात. जत्रेच्या आदल्या दिवशी दोन्ही घरचे कर्ते पुरुष पेटीपुढं मांडी घालून बसायचे, आपापलं कुलूप काढायचे आणि मगच झाकण उघडायचं. एकट्याच्या किल्लीचा काही उपयोग नाही. मी चौथीत असताना एका वर्षी बाबांचं आणि त्या गृहस्थांचं बांधावरून बोलणं बंद होतं. आधी कोण किल्ली घेऊन जाणार यावर दोघं अडून बसले आणि त्या जत्रेला देवी नुसत्या फुलांवर पालखीत बसली. गाव दोघांना इतकं बोललं, इतकं बोललं, की पुढच्या आठवड्यात ते दोघं आमच्या सोप्यात शेजारी शेजारी जेवायला बसलेले मी बघितले.

त्यामुळे बाबांनी दोन किल्ल्या दोघांच्या हातात दिल्या तेव्हा मला एका क्षणात सगळं समजलं असं मला वाटलं. दोन किल्ल्या, दोन माणसं, दोघं मिळून. शिवाय त्या बाई ज्याला 'टू-फॅक्टर' म्हणायच्या त्यातही दोन होतेच. एका किल्लीनं काही होणार नाही, दोन्ही एकदम लागतील, हे मी इतकं पक्कं धरलं की कुणाला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. उलट बाबांच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. आपण गेल्यावर पोरं भांडली तरी हे बघायला एकत्र यावंच लागेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली, असं मी मनात म्हटलं.

पुढच्याच उन्हाळ्यात बाबा गेले.

त्यांच्या किडन्या थकल्या होत्या हे मला नंतर कळलं. मला सांगितलं होतं ते एवढंच, की अशक्तपणा आहे, वय झालंय. दहावीच्या पेपरांची तपासणी चालू होती. मी तीन आठवडे कोडोलीला गेले नव्हते. रोज संध्याकाळी फोन करायची, धाकटा म्हणायचा, "बरं हाय, झोपल्यात." एका सकाळी त्याचाच फोन आला आणि तो नुसता रडत राहिला. मी पोचले तेव्हा बाबांना अंगणात घेतलं होतं. तिथल्याच कुणा बाईच्या तोंडून मला कळलं, की महिन्यापूर्वी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं होतं आणि धाकट्यानं बाबांना दवाखान्यात नेलंच नाही.

माणसं भरलेली होती. सगळ्यांच्या देखत मी भावाला म्हणाले, "तू मारलंस बाबांना."

तो म्हणाला, "त्यांनीच नगो म्हटलं हुतं, आक्का. तुला सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातली हुती मला."

"खोटं बोलतोयस," मी म्हणाले. "तुला ने-आण करायचा कंटाळा आला."

हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे, कारण ते गाळून बाकीचं सांगणं म्हणजे परत खोटंच. माझा भाऊ पहाटे चारला उठतो, सात म्हशींची धार काढतो, दूध डेअरीला घालतो, उसाला पाणी पाजतो. बाबांना शेवटचे सहा महिने अंघोळ त्यानं घातली. त्याला मी म्हणाले की तुला कंटाळा आला. तो वळला आणि तिरडीचा बांबू धरायला गेला.

दिवसकार्याला मी गेले, पण पाहुण्यासारखी. तेराव्याला न जेवता पानावरून उठून आले. त्यानंतर बोलणं बंद. राखी पोस्टानेही पाठवली नाही. भाऊबीज आली तेव्हा मी दाराला कुलूप लावून मैत्रिणीकडे जाऊन बसले, न जाणो तो आला तर. तो आला नाही. तो आला नाही याचाही मला राग आला. दुसऱ्या वर्षी तेच.

मधल्या काळात किल्ली कपाटाच्या वरच्या खणात होती, आई गेली तेव्हापासून जपलेल्या तिच्या जोडव्यांच्या डबीत. अधूनमधून मी ती काढून बघायची. बाबांनी शेवटच्या महिन्यात काय लिहिलं असेल? धाकटा खरं बोलत असेल तर ते तिथं असणार, आणि खोटं बोलत असेल तर तेही असणार. पण माझ्या समजुतीप्रमाणे त्यासाठी त्याची किल्ली लागणार होती आणि ती त्याच्याकडे मागायला जायचं म्हणजे आधी मी नमायचं. कोण आधी जाणार, यावर मी अडून बसले होते. बरं, एकदा नुसती लावून बघावी, तर तीनदा चुकलं की कायमचं बंद. हे कारण मी स्वतःला देत असे आणि ते सोयीचं होतं. खरी गोष्ट अशी, की मला भीती वाटत होती. तो खरं बोलत असला तर मी काय करणार होते?

गेल्या जूनमध्ये आमच्या शिक्षणसंस्थेनं ठरवलं, की निकालाचं काम बघणाऱ्या सगळ्यांना आता अशाच किल्ल्या द्यायच्या. मी उपमुख्याध्यापिका, म्हणजे मलाही. प्रशिक्षणाला एक गृहस्थ आले होते. त्यांनी प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-दोन किल्ल्यांची पाकिटं ठेवली. मला या विषयातलं आधीच कळतं अशा थाटात मी विचारलं, "पण दोन्ही एकदम लावायला लागतात ना?"

"नाही मॅडम," ते म्हणाले. "कुठलीही एक. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून दोन नोंदवायच्या. घराच्या कुलपाला नसतात का दोन किल्ल्या? तसंच."

शेजारचे सर हसले. मीही हसले असेन. पुढचा तासभर ते गृहस्थ काय बोलले यातलं मला एक अक्षर आठवत नाही. माझ्या स्वतःच्या घराच्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत. एक माझ्या पर्समध्ये, एक शेजारच्या वहिनींकडे. दोन वर्षांत मला घराचं कुलूप एकदाही आठवलं नाही, आठवली ती देवीची पेटी.

तो शनिवार होता. घरी गेले, पण त्या दिवशी माझ्या हातून लॅपटॉप उघडला गेला नाही. रविवारी सकाळी अंघोळ करून, देवापुढं दिवा लावून मी टेबलाशी बसले. म्हशीचं नाव, साल. मग किल्ली. टिकली लुकलुकायला लागली. मी बोट टेकवलं आणि खातं उघडलं. इतकं सोपं होतं ते.

ड्राफ्टमध्ये बाबांची चारशेच्या वर टिपणं होती. पावसाची, म्हशींची, कुणाच्या लग्नाला जेवण कसं होतं त्याची. मी थेट शेवटच्या महिन्यात गेले. एका टिपणावर तारीख होती ती ते गेले त्याच्या बरोबर चोवीस दिवस आधीची.

"आज धाकट्याला शपथ घातली," बाबांनी लिहिलं होतं. "डॉक्टर म्हणतात ते मला नको. आठवड्यातून तीनदा कोल्हापूर, ती सुई, त्या नळ्या. मी आयुष्यभर जनावरांना टोचलं आहे आणि त्या वेळचे त्यांचे डोळे बघितले आहेत. मला माझ्या अंथरुणात जायचं आहे. थोरलीला कळवायचं नाही असं सांगितलं. ती आली की मला उचलून नेणार आणि तिच्यापुढं माझं काही चालत नाही. धाकटा माझ्यासमोर बरं म्हणाला आणि गोठ्यात जाऊन रडला. मला खिडकीतून दिसलं. मी गेल्यावर ती त्याला बोलणार. काय वाट्टेल ते बोलणार, मी तिला ओळखतो. त्यानं सोसावं. नंतर दोघांनी हे वाचलं की ती निवळेल."

मी ते तीनदा वाचलं. मग टेबलावर डोकं टेकून रडले. बाबांसाठी दोन वर्षांत मी अशी रडले नव्हते. रागानं रडूच दिलं नव्हतं.

थोड्या वेळानं, दुसरं काही सुचेना म्हणून, मी खात्याच्या सुरक्षेच्या पानावर गेले. आदल्या दिवशी किल्ल्यांबरोबर मिळालेल्या कागदात लिहिलं होतं, की तिथं किल्ल्यांची यादी असते, नावं देता येतात, कुठली शेवटची कधी वापरली तेही दिसतं. बाबांनी नावं दिली होती. एक 'थोरली'. एक 'धाकटा'. थोरलीपुढं आजची तारीख होती. धाकट्यापुढं जी तारीख होती ती दोन वर्षांपूर्वीची, बाबा गेल्यानंतरच्या पाचव्या दिवसाची.

म्हणजे तेराव्याला मी पानावरून उठून आले तेव्हा त्यानं हे वाचलेलं होतं. तो खरं बोलतोय हे बाबांच्या हातचं लिहिलेलं त्याच्यापाशी होतं. वाढायला तोच होता. माझ्यामागं दोन पावलं आला होता, हातात भाताचं पातेलं होतं. एक शब्द बोलला असता तर संपलं असतं. का बोलला नाही?

मी साडी बदलली आणि स्टँडवर गेले. रविवार असल्यामुळं जोतिबाला जाणाऱ्यांची झुंबड होती. कोडोलीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. सगळ्या वाटेत मी काय विचारायचं ते घोकत होते आणि त्या घोकण्यात, लाज वाटते सांगायला, थोडा रागही होता. पुरावा हातात असून त्यानं मला दोन वर्षं चुकीचं राहू दिलं, असा.

दारात भावजय भेटली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "या की वन्सं, आत या." एवढंच. काल गेलेली आज आल्यासारखी. भाऊ मागं गोठ्यात होता, म्हैस धूत होता. केस निम्मे पिकले होते. दोन वर्षांत एवढे पिकलेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगणार कोण?

"आलीस," तो म्हणाला.

"बाबांनी लिहिलेलं वाचलं," मी म्हणाले.

"आणि आत्ता परत कशाला वाचलंस?"

"परत नाही. पहिल्यांदाच. आज सकाळी."

त्यानं हातातली बादली खाली ठेवली. "पहिल्यांदा? मग दोन वर्षं काय करत हुतीस?"

मी सांगितलं. दोन किल्ल्या, दोघं मिळून, एकीनं उघडणार नाही असं समजले होते, तुझी मागायला यायचं नव्हतं. सांगताना ते इतकं खुळचट वाटत होतं की माझाच आवाज बारीक होत गेला.

"देवीच्या पेटीगत व्हय?" तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. "आक्का, तू एवढी शिकलेली बाई. लावून तरी बघायचीस की. मला कुठं काय कळतंय त्यातलं? घातली, बोट लावलं, उघडलं."

मग त्याचं हसणं थांबलं. तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मी विचारलं, "तू वाचलं होतंस. मग मला दाखवलं का नाहीस?"

"तुझ्याकडं बी किल्ली हुती की. दाखवायचं काय त्यात? मला वाटलं, तू बी वाचलंयस." त्यानं बादली पायानं कडेला सरकवली. "मी काय समजत हुतो ठावं हाय? की आक्कानं वाचलंय, तेराव्याच्या आधीच वाचलंय, आणि वाचून बी पानावरनं उठून गेली. बाबांनी सोता लिहून ठिवलंय तरी तिला माझं तोंड बघायचं न्हाय. दोन दिवाळ्या काढल्या मी हे समजून. ही म्हणायची, जावा एकदा कोल्हापूरला, विचारा. म्हटलं, काय विचारायचं? सगळं ठावं असून जी येत न्हाय तिला काय विचारायचं?"

गोठ्याच्या कट्ट्यावर मी बसले. माझी दोन वर्षं रागात गेली होती, ती गेली तर गेली, माझीच चूक होती. पण त्याची दोन वर्षं कशात गेली ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. बाबांची शपथ पाळली, बाबांना उचललं, माझी बोलणी खाल्ली, आणि वर हे, की आपण निर्दोष आहोत हे कळूनसुद्धा बहिणीला आपण नको आहोत.

"माझं चुकलं," मी म्हणाले. हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा म्हणाले असेन ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

तो म्हशीच्या अंगावरचं पाणी हातानं निपटत राहिला. मग म्हणाला, "मी अंगणात सांगितलं हुतं तुला. समद्यांसमोर. बाबांनी शपथ घातली म्हणून सांगितलं हुतं का न्हाय?"

"सांगितलं होतंस."

"किल्लीनं सांगितलं तवा पटलं तुला, आक्का. मी सांगितलं तवा न्हाय पटलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. आज दूध थोडं कमी आलं, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडायला मी कधीही तयार असते. त्याच्या शब्दाला किल्लीची गरज पडू नये, एवढंच साधं माझ्याकडून त्याला हवं होतं, आणि ते द्यायची वेळ दोन वर्षांपूर्वीच निघून गेली होती. त्याच सकाळची गोष्ट घ्या. मी किल्ली न लावता आधी कोडोलीची गाडी धरली असती तर? शनिवारची सगळी संध्याकाळ माझ्याकडं होती. मला सुचलं नाही. मी आधी खात्री करून घेतली आणि मग त्याच्याकडं गेले.

भावजयीनं जेवायला वाढलं. आम्ही तिघं जेवलो, आमटी तिखट झाली होती यावर बोललो, ऊस कधी तुटायचा यावर बोललो. संध्याकाळच्या गाडीला तो मला सोडायला आला.

आता मी दर रविवारी कोडोलीला जाते. या वर्षी भाऊबीजेला ओवाळलं. त्यानं मला माफ केलं की नाही हे मी विचारलेलं नाही आणि त्यानं आपण होऊन सांगितलेलं नाही. बोलतो, चेष्टा करतो, माझ्या पिशवीत भाजी कोंबतो. फक्त त्याला एक सवय लागली आहे. काहीही सांगितलं की शेवटी एक वाक्य जोडतो. परवा मी चहा घेत बसले होते तेव्हा दारातून म्हणाला, "म्हस व्याली आज सकाळी. रेडी झालीया. कपाळावर पांढरा टिक्का हाय. खोटं वाटत आसंल तर जाऊन बघ."

भावजयीनं त्याच्यावर डोळे वटारले. तो हसला. त्याच्या दृष्टीनं ती चेष्टाच असावी. गोठा दहा पावलांवर आहे आणि मला नवी रेडी बघायला लहानपणापासून फार आवडतं.

"तू म्हणतोयस म्हणजे असणार," मी म्हणाले आणि जागची हलले नाही.